स्पिरिटचा ब्लँक

ब्लँक लावायचा राहिला होता. म्हणजे अगदीच राहिला नव्हता, पाण्याचा लावून मी त्यावर भागवलं होतं. पुढे आमच्या घरात जे झालं ते सगळं त्या भागवण्यातून झालं, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

मी नगरजवळच्या एका कॉलेजात औषधांवर संशोधन करत होते. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण एसटीचा कंडक्टर अजून नगरच म्हणतो आणि मीही तेच म्हणते. माझा विषय होता मधुमेहावरचा एक होमिओपॅथिक अर्क, जांभळाच्या बिया आणि बेडकीचा पाला स्पिरिटमध्ये भिजवून काढलेला. बेडकीचं पान चावलं की जिभेची गोडी मरते, वर साखर खाल्ली तर वाळू खाल्ल्यासारखी लागते. लहानपणी रानात आम्ही एकमेकांना फसवायला ते पान द्यायचो. आमच्या तालुक्यातले एक वयस्कर होमिओपॅथ डॉक्टर हा अर्क वर्षानुवर्षं देत होते. माणूस सरळ. त्यांनी स्वतःच आमच्या सरांकडे येऊन सांगितलं होतं, की पेशंट म्हणतात गुण येतो, पण पेशंटचं काय, मला बरं वाटावं म्हणूनही म्हणतात. तुम्ही लॅबमध्ये तपासा.

चाचणी तशी सोपी. आपण भाकरी खाल्ली की तिच्यातल्या पिठाची साखर करणारं एक पाचक द्रव्य पोटात असतं. ते टेस्टट्यूबमध्ये घ्यायचं, त्यात स्टार्च घालायचा, अर्क घालायचा, थोडा वेळ थांबायचं आणि शेवटी एक रसायन टाकून उकळायचं. साखर झाली असेल तर नळी विटकरी लाल होते. अर्कानं ते पाचक द्रव्य अडवलं असेल तर साखर होत नाही आणि नळी पिवळीच राहते. शेजारी एक नळी औषधाशिवायची लावायची, तो ब्लँक. औषधाच्या नळीत जे जे आहे ते सगळं तिच्यात हवं, फक्त औषध नको. माझा अर्क स्पिरिटमध्ये होता, म्हणजे ब्लँकही स्पिरिटचाच हवा, हे बीएस्सीच्या पोरालाही कळतं. पण आमच्या जिल्ह्यात कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून स्पिरिटचे टँकरच्या टँकर भरून जातात आणि कॉलेजच्या लॅबला अर्धा लिटर पाहिजे तर परवाना, रजिस्टर, दोन सह्या आणि वर स्टोअरकीपरचं तोंड. होतं तेवढं स्पिरिट मी अर्क काढण्यात संपवलं होतं. म्हटलं, पाणी काय नि स्पिरिट काय, नंतर बघू.

पाण्याची नळी लालभडक झाली. अर्काच्या नळ्या पिवळ्या, ओळीनं पिवळ्या. मी तिथंच टेबलाला धरून उभी राहिले. तीन वर्षं नुसतं वाचन, अर्ज आणि हेलपाटे झाले होते, आणि आता समोर दिसत होतं. सरही खूश. मार्चअखेरीला समितीपुढे हे मांडायचं, तिनं परवानगी दिली की पुढची पायरी उंदरांवरची चाचणी. तोवर आणखी दोनदा करून ठेव म्हणाले. मी केली, दोन्ही वेळा पाण्याचाच ब्लँक लावून.

पहिल्या नळ्या पिवळ्या राहिल्या त्याच संध्याकाळी, डिसेंबरात, घरी फोन केला. आमचं घर कोपरगावच्या बाजूला, कारखान्याच्या रस्त्यावर. वडलांना आम्ही दादा म्हणतो. दादांना पंधरा वर्षांपासून शुगर, आणि गेली सहा वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. मी ओरडलेच फोनवर, की दादा, अर्क चालतोय. पलीकडून म्हणाले, लई चांगलं झालं बाई. दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांकडे जाऊन बाटली घेऊन आले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, थेंब घ्या पण इंजेक्शन चालू ठेवा. ते मला नंतर कळलं.

दादा म्हणजे साधा माणूस नव्हे. उभं आयुष्य त्यांनी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढलं. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या, तासातासाला उसाच्या रसाचा नमुना काढायचा, त्यातली साखर मोजायची, रजिस्टरला लिहायची. त्या आकड्यांवर सगळ्यांचा डोळा. एकदा वरच्या साहेबांनी आकडा थोडा वर घ्या म्हणून निरोप पाठवला, दादांनी घेतला नाही. तो अख्खा हंगाम त्यांना गेटवर बसवलं, उसाच्या गाड्या मोजायला. बसले गेटवर. मला लहानपणी याचा राग यायचा. माझा राग आधीपासूनच नाकावर. वाटायचं, इतरांचे बाप आकडा वर करून घरी येतात, आमचा बाप उन्हात बसतो.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी घरी गेले होते. दुपारी जेवायला बसलो, बाजरीची भाकरी आणि मेथी. दादा हळूहळू एकेक विचारायला लागले. काय टाकता, किती वेळ ठेवता, रंग कसा बघता. मीही तोऱ्यात सांगत होते. आई मध्येच म्हणाली, जेवू द्या तिला. तेव्हा त्यांनी घास ताटात ठेवून विचारलं, "ब्लँक कशाचा लावला?"

पाण्याचा, मी म्हटलं.

"आर्क तर इस्पिरिटमधी हाय ना? मंग इस्पिरिटचा लावाया पायजे. इस्पिरिटनंच जर त्ये मरत आसंल तर?"

बोलले ते शंभर टक्के खरं होतं. म्हणूनच झोंबलं. सरांच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या लक्षात येऊनही मी झाकलं होतं, आणि कारखान्याच्या लॅबमधला माणूस भाकरी खाता खाता नेमकं बोट ठेवून मोकळा झाला. मी म्हणाले, तुमचं काम उसाच्या रसाचं, दादा, माझं वेगळं आहे, प्रत्येकात तोंड घालायचं काही कारण नाही. तीन वर्षं मी तिथं काय भजी तळते का, असंही म्हणाले. आणि ताटावरून उठले. अर्धी भाकरी तशीच. आई माझ्यावर ओरडली, अन्नावरून उठू नये म्हणून. तीनच्या गाडीनं मी निघाले, तेव्हा दादा दारात येऊन उभे राहिले, पण मी मागं बघितलं नाही.

वाटेतल्या कोल्हारच्या पुलापर्यंत रागातच होते. मग ठरवलं, लावतेच स्पिरिटचा ब्लँक, दाखवतेच त्यांना.

सोमवारी स्टोअरकीपरच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं, पण स्पिरिट मिळवलं. सहा नळ्या लावल्या. त्यांत अर्काचा थेंब नाही, नुसतं तेवढ्याच तीव्रतेचं स्पिरिट. रसायन टाकलं, उकळत्या पाण्यात ठेवल्या आणि बघत बसले. पाण्याची नळी बघता बघता लाल झाली. स्पिरिटच्या सहाच्या सहा पिवळ्या. मला वाटलं घाईत काहीतरी चुकलं. दुपारी परत लावल्या. परत पिवळ्या. औषधाचा पत्ता नाही आणि परिणाम तोच. तीन वर्षं मी जांभूळ, बेडकी म्हणून जे मिरवत होते ते नुसत्या स्पिरिटचं काम होतं. पाचक द्रव्य स्पिरिटनंच मारलं होतं, दादा म्हणाले तसंच.

एका सुट्ट्या कागदावर मी तारीख टाकली, खाली आकडे लिहिले. प्रयोगाच्या वहीत लिहिलं नाही. कागदाची घडी घातली आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. सरांना सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. स्वतःला सांगत राहिले, की नळीतलं वेगळं आणि माणसाच्या पोटातलं वेगळं, अर्क दुसऱ्या कुठल्या वाटेनं काम करत असेल, उंदरांवर कळेलच, एकदा परवानगी तर मिळू दे. अशी कारणं माणसाला ओळीनं सुचतात, बोलवावी लागत नाहीत. दादांना फोन करून तुमचं बरोबर होतं म्हणावं, हे एकदा मनात आलं. फोन हातातही घेतला. पण मग ते म्हणाले असते, सरांना सांग. म्हणून ठेवून दिला.

पुढचे सात आठवडे घरी गेले नाही. कामाचं निमित्त सांगितलं. फोनवर दादा म्हणायचे, बरं हाय. आई म्हणायची, खंगल्यासारखे दिसतात, पण आकडा उतरलाय म्हणतात. मी बरं म्हणायचे आणि दुसरा विषय काढायचे.

होळी झाल्यावर, मार्चच्या मध्याला एका रविवारी गेले. सादरीकरण आठवड्यावर आलं होतं. दारात दादांना बघितलं आणि चरकले. सदरा खांद्यावरून लोंबत होता, गालफडं आत गेलेली. म्हटलं, दादा, हे काय झालं? म्हणाले, चालतो रोज, वजन उतरलं, डॉक्टर तर लोकांना उतरवायला सांगत्यात. कॉटशेजारी पाण्याचा तांब्या, आणि मी चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी तो रिकामा केला. मला कळायला हवं होतं. मी मधुमेहावर संशोधन करणारी बाई, मला कळायला नको?

मग त्यांनी उशीखालून वही काढली. आधी म्हणाले, तुला सांगितलं नव्हतं, पन डिसेंबरपासनं इंजेक्शन बंद ठिवलंय.

मी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून?

"कुनाच्या न्हाई. दोन गोष्टी येकदम चालू ठिवल्या तर फरक कशानं पडला ते कसं कळनार? इंजेक्शन बंद केलं, आर्क ठिवला. आता जे काय हुईल ते आर्काचंच."

साखर कारखान्यात शिकलेला धडा त्यांनी स्वतःच्या रक्तावर लावला होता. उंदरावर अर्क टाकायचा तर मला समितीची परवानगी लागत होती. माझ्या बापानं उंदरांच्या आधी स्वतःचा नंबर लावला, त्यांना कुणाची परवानगी लागली नाही. मी ओरडणार होते, तेवढ्यात त्यांनी वही उघडून पुढं धरली. रोज उपाशीपोटीची साखर, तारीखवार, त्यांच्या त्या रेखीव अक्षरात. डिसेंबरपासून आकडा चढत गेलेला, दोनशे बासष्ट, दोनशे ऐंशी, जानेवारीअखेरीला तीनशे चार. आणि मग तिथून वळलेला. दोनशे नव्वद, दोनशे एकेचाळीस, एकशे शहाऐंशी. होळीच्या दुसऱ्या दिवशी एकशे एक्कावन्न. आज सकाळी एकशे अठ्ठेचाळीस.

डॉक्टर म्हणाले होते अर्क लागू पडायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि इथं बरोबर तसंच दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात आठवडे छातीवर धोंडा घेऊन फिरत होते, तो उतरला. नळी खोटं बोलेल, स्पिरिट खोटं बोलेल, दादा आकडा खोटा लिहिणार नाहीत. मी मोबाईलवर पानांचे फोटो काढले आणि तिथंच उभ्या उभ्या सरांना पाठवले, खाली लिहिलं, डिसेंबरपासून इंजेक्शन बंद, फक्त अर्क. होळीला आमच्याकडे पुरणपोळ्या होतात आणि दादा दोन तरी खातात, मग दुसऱ्या दिवशी एकशे एक्कावन्न कसा, हे मला दिसलं नाही. दिसायला नको होतं म्हणून दिसलं नाही.

पंधरा मिनिटांत सरांचा फोन. आधी त्यांनी मला झापलं, की इंजेक्शन बंद आहे हे तुला कधी कळलं, आणि उद्याच्या उद्या त्यांना डॉक्टरकडे नेलं नाहीस तर मी तुझ्या कामावर सही करणार नाही. मग म्हणाले, वही पुरावा होत नाही, शुगर मोजायच्या मीटरमध्ये मेमरी असते, त्यातले आकडे काढून पाठव.

दादा जेवून झोपले होते. मीटर कपाटावर होता. मी ओसरीत बसले, मांडीवर वही घेतली आणि मीटरचं बटण दाबलं. आज सकाळचा आकडा आला, चारशे बारा.

मला वाटलं आईनं कुणाला तरी वापरायला दिला असेल. तिला विचारलं, ती म्हणाली त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. परत दाबलं. कालचा चारशे अडतीस. वहीत एकशे पन्नास. होळीच्या दुसऱ्या दिवसाचा चारशे सदुसष्ट. मी दाबत मागं मागं जात राहिले, प्रत्येक तारखेला बोट ठेवून. मार्च, फेब्रुवारी, एकही जुळेना. वहीत आकडा उतरत होता आणि मीटरमध्ये चढत होता.

दादांच्या लॅबमधल्या कुठल्याच यंत्राला आठवण नव्हती. यंत्र आकडा दाखवायचं, माणूस रजिस्टरला लिहायचा, की यंत्रावरचा आकडा पुसला जायचा. लिहिलेला तोच आकडा. मीटर सगळं धरून ठेवतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

जानेवारीत आले. सोमवारी वहीत दोनशे नव्वद, मीटरमध्ये तीनशे अठरा. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, वहीत तीनशे चार आणि मीटरमध्येही तीनशे चार. शनिवारी जुळलं. शुक्रवारी जुळलं. तिथून थेट डिसेंबरपर्यंत एकेक आकडा तंतोतंत जुळत गेला.

म्हणजे मी ताटावरून उठले त्या रविवारपर्यंत दादांनी खरं लिहिलं होतं. आकडा चढत होता, अर्क काही करत नाही हे त्यांना स्वतःच्या रक्तावरून दिसत होतं, म्हणूनच त्यांनी ब्लँकचं विचारलं होतं. पोरीला लागू नये अशा बेतानं, लॅबमधला माणूस लॅबमधल्या माणसाला विचारतो तसं. आणि मी काय म्हणाले होते, तर तोंड घालू नका.

आत गेले, त्यांना हलवलं. उठेनात. परत हलवलं, तेव्हा डोळे उघडले पण बोलणं जड, शब्द ओढत ओढत. अंगावरची चादर सरकली तर डाव्या पायाच्या दोन बोटांना फडकं बांधलेलं, हळद लावून. फडकं सोडलं आणि वास आला. आई दारात उभी, तिनं तोंडाला पदर लावला. शेजाऱ्यांचा पिकअप काढायला लावला, मागं गादी टाकली, आणि दादांना तालुक्याला नेलं. दहा-बारा किलोमीटर असतील. मी सगळ्या रस्त्याला त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी हाक मारत होते. हुं म्हणायचे. एकदा म्हणाले नाहीत, तेव्हा मी ड्रायव्हरच्या काचेवर बुक्क्या मारल्या.

दवाखान्यात शुगर निघाली पाचशेच्या वर. सलाईन, इन्सुलिन, सगळं धावपळीनं सुरू झालं. रात्र कशी गेली ते आईला विचारा, मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा नीट बोलायला लागले. डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या आणि मला विचारलं, घरचं काही रेकॉर्ड आहे का. मी वही द्यावी की मीटर द्यावा, माझं मलाच सुचेना. दादांनी उशीवरूनच सांगायला सुरुवात केली. फेब्रुवारीच्या पयल्या तारखेला तीनशे एकोनतीस, दोनला तीनशे छत्तीस. मी मीटर हातात धरून बघत होते. एकही चुकला नाही. वहीत खोटं लिहीत असताना त्यांनी खरा आकडा रोज पाठ करून ठेवला होता. बाई म्हणाल्या, आजोबा, काय करत होता तुम्ही? म्हणाले, केमिस्ट हुतो.

त्या गेल्यावर मी विचारलं, का लिहिलंत असं. रागानंच विचारलं, रडत होते तरी आवाज रागाचाच निघाला.

"तू ताटावरनं उठून गेलीस," दादा म्हणाले. "तीन वरसाचं काम हाय तुजं. म्हनलं, माज्या आकड्यानं कशाला मोडायचं. आन डॉक्टर म्हनले हुते, उशिरा लागू पडतं. आज न्हाई तर उद्या मीटरचा आकडा बी खाली यील, मंग वहीतला आन तो जुळून जाईल. तवर इंजेक्शन घेतलं आसतं तर तुजी टेस्ट वाया गेली आसती."

मी त्यांच्या पायाजवळ डोकं टेकलं. चांगल्या पायाजवळ.

सहाव्या दिवशी त्यांची ती दोन बोटं काढली. ते होमिओपॅथ डॉक्टर भेटायला आले, स्टुलावर बसून राहिले, आणि जाताना आईला हात जोडून म्हणाले, इंजेक्शनवाल्या माणसाला मी आता हा अर्क देणार नाही. मी आईला तिथं ठेवून नगरला गेले. सादरीकरणाच्या सकाळी पिशवीच्या कप्प्यातून तो कागद काढला आणि सरांपुढे ठेवला. सरांनी वाचला, तारीख बघितली, आणि विचारलं की आठ आठवडे हे कुठं होतं. पिशवीत, मी म्हणाले. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, चल, मांड सगळ्यांपुढे. मी मांडलं. पिवळ्या नळ्या, स्पिरिटच्या पिवळ्या नळ्या, आणि पाण्याचा ब्लँक लावण्यात माझी चूक झाली, हे माझ्या तोंडानं. समितीनं उंदरांची परवानगी नाकारली. स्पिरिट उडवून अर्क पुन्हा तपासा म्हणाले. पुढं तेही केलं. नळ्या लाल झाल्या.

त्या दिवशी मात्र, खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटत होतं. एसटीत बसले तेव्हा कधी एकदा दादांना सांगते असं झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासारखी वागले होते. गेटवर बसावं लागलं तरी चालेल म्हणून खरा आकडा सगळ्यांपुढे ठेवला होता. वाटलं, ऐकून त्यांना पायाचंही दुःख हलकं होईल.

संध्याकाळी पोचले. दादा उशीला टेकून बसले होते, पायाला पांढरं बँडेज. आई घरी गेली होती. मी सगळं सांगितलं, सर काय म्हणाले, समिती काय म्हणाली. म्हटलं, दादा, तुम्ही म्हणालात तेच खरं निघालं, स्पिरिटनंच मरत होतं. आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा मागितला. मी लावून दिला.

पेपर असो, पत्र असो, रजिस्टर असो, दादा आधी तारीख बघतात. त्यांनी तारीख बघितली. परत बघितली. बोटावर काहीतरी मोजलं.

"ह्यो सोमवार म्हंजी," ते म्हणाले, "तू घरनं गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशीचा का?"

मी हो म्हणाले.

"म्हंजी तुला तवाच कळालं हुतं."

हो, मी म्हणाले. एक फोन. त्या सोमवारी एक फोन केला असता, तर मंगळवारी सकाळी त्यांनी इंजेक्शन घेतलं असतं. पाय शाबूत राहिला असता.

मला वाटलं आता तरी रागावतील. मला ते हवंही होतं. पण दादांनी कागदाची घडी घातली, जशी होती तशीच, आणि माझ्याकडं दिली. आवाजात राग नव्हता. लाजल्यासारखे, खाली बघून म्हणाले,

"मंग मी उगंच खोटं लिवलं की गं, बाई."